सार्वमत व लोकोपक्रम, अमेरिकेच्या घटकराज्यांतील

एखादा कायदा किंवा राज्यघटनेतील दुरुस्ती स्वीकारावी की फेटाळावी, हा निर्णय केवळ प्रतिनिधींवर न सोपविता थेट मतदारांकडून घेण्याची पद्धती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटकराज्यांत तिचे तीन प्रकार रूढ आहेत. विधिमंडळाने संमत केलेला कायदा वा प्रस्ताव मतदारांच्या मान्यतेसाठी ठेवणे म्हणजे सार्वमत; ठराविक संख्येच्या मतदारांनी सह्यांचा अर्ज करून कायद्याचा मसुदा स्वतःच मतदानास लावणे म्हणजे लोकोपक्रम; आणि निवडून आलेल्या अधिकाऱ्यास मुदत संपण्यापूर्वी मतदानाने पदावरून दूर करणे म्हणजे प्रत्यावाहन. संघराज्याच्या पातळीवर ह्यांपैकी एकही पद्धत नाही. राष्ट्रव्यापी सार्वमत अमेरिकेत आजवर झालेले नाही. तथापि करआकारणी, शाळांचा खर्च, मद्यविक्री, गृहनिर्माण, मताधिकाराची पात्रता, गर्भपात असे दैनंदिन जीवनाशी निगडित विषय मुख्यतः घटकराज्यांच्या कक्षेत येत असल्याने तेथील मतदाराला उमेदवार निवडण्याबरोबरच धोरणाविषयीही होकार वा नकार द्यावा लागतो. त्याला हे प्रश्न समजावून देण्याची व्यवस्था हे ह्या पद्धतीचे आवश्यक अंग होय. किंबहुना, ह्या पद्धतीचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या व्यवस्थेच्या यशापयशाचा इतिहास आहे.

उगम : राज्यघटना लोकांच्या संमतीने अंमलात यावी, ही कल्पना अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धाच्या काळापासून आढळते. मॅसॅचूसेट्सच्या विधिमंडळाने १७७८ मध्ये तयार केलेली राज्यघटना तेथील नगरसभांपुढे ठेवण्यात आली व मतदारांनी ती फेटाळली. त्यानंतर खास परिषदेने तयार केलेली दुसरी राज्यघटना १७८० मध्ये मान्य झाली. एकोणिसाव्या शतकात हा प्रघात इतर राज्यांत पसरला. आज डेलावेअर वगळता सर्व घटकराज्यांत घटनादुरुस्तीला मतदारांची मान्यता लागते.

कायद्याचा मसुदा नागरिकांनीच मांडण्याची कल्पना मात्र स्वित्झर्लंडमधून आली. तेथील १८७४ च्या राज्यघटनेने ३०,००० नागरिकांच्या मागणीवरून संघीय कायद्यावर सार्वमत घेण्याची तरतूद केली आणि १८९१ मध्ये ५०,००० नागरिकांना राज्यघटनेत अंशतः दुरुस्ती सुचविण्याचा हक्क मिळाला. न्यूयॉर्कमधील कामगार चळवळीचे पत्रकार जे. डब्ल्यू. सलिव्हन ह्यांनी स्वित्झर्लंडला जाऊन ह्या पद्धतीचा अभ्यास केला व १८९२ मध्ये तीवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी अमेरिकेतील अनेक विधिमंडळे रेल्वे, बँका व खाणमालक ह्यांच्या मुठीत असल्याची तक्रार होती. शेतकऱ्यांच्या व कामगारांच्या संघटनांना ह्या पुस्तकात एक उपाय दिसला. राज्यव्यापी लोकोपक्रम व सार्वमत ह्यांचा प्रथम स्वीकार साउथ डकोटाने १८९८ मध्ये केला. त्यांचा प्रत्यक्ष वापर करून दाखविण्याचे काम मात्र ऑरेगनने केले.

ऑरेगनमधील चळवळ : ऑरेगनमधील चळवळीचा सूत्रधार विल्यम सायमन यूरेन (१८५९–१९४९) हा लोहारकाम करून पुढे वकील झालेला गृहस्थ होता. शेतकऱ्यांची ग्रेंज संघटना, शेतकरी संघ व पोर्टलंडमधील कामगार संघटना ह्यांची संयुक्त समिती स्थापन करून त्याने सुमारे दहा वर्षे प्रचार केला. ह्या समितीने इंग्रजीबरोबरच जर्मन वसाहतकऱ्यांसाठी त्यांच्या भाषेतही पुस्तिका काढल्या व त्या घरोघर पोहोचविल्या. घटनादुरुस्तीसाठी लागोपाठच्या दोन विधिमंडळांची संमती आवश्यक असल्याने ती १८९९ व १९०१ अशी दोनदा मिळवावी लागली. जून १९०२ मध्ये मतदारांनी सुमारे ६२ हजार विरुद्ध साडेपाच हजारांहून थोडी अधिक अशा मतांनी दुरुस्ती मान्य केली. एवढे मोठे मताधिक्य ही दशकभराच्या लोकशिक्षणाची फलश्रुती होती.

पुढील दहा वर्षांत ऑरेगनच्या मतदारांनी पक्षाचे उमेदवार थेट मतदानाने निवडण्याचा कायदा व मद्यविक्रीबाबत स्थानिक मतदानाचा कायदा (१९०४), प्रत्यावाहन (१९०८) आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्राथमिक निवडणूक (१९१०) हे निर्णय घेतले. ‘ऑरेगन पद्धती’ ह्या नावाने ही व्यवस्था देशभर ओळखली जाऊ लागली. स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न तेथे १८८४ पासून सहा वेळा मतदानास आला. १८८४, १९००, १९०६, १९०८ व १९१० ह्या पाचही वेळी पुरुष मतदारांनी तो फेटाळला. १९१२ मध्ये तो मान्य झाला. ह्या लढ्याची अध्वर्यू ॲबिगेल स्कॉट डनवे (१८३४–१९१५) त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. एकदा हरलेला प्रश्न पुन्हा मांडून मतदारांचे मन वळविता येते, हा ह्या पद्धतीचा विशेष ह्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. तिच्यावरील ताणही त्याच वर्षी दिसला. १९१२ च्या मतपत्रिकेवर राज्यव्यापी प्रश्नांची संख्या ३७ होती व एवढ्या प्रश्नांचा अभ्यास सामान्य मतदाराने कसा करावा, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला.

प्रसार व न्यायालयीन मान्यता : कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीच्या राजकीय वर्चस्वाविरुद्ध असंतोष होता. डॉ. जॉन रँडॉल्फ हेन्स ह्यांच्या प्रयत्नाने लॉस अँजेल्स शहराने १९०३ मध्येच लोकोपक्रम, सार्वमत व प्रत्यावाहन स्वीकारले होते. रेल्वेच्या वर्चस्वाला विरोध करून १९१० मध्ये गव्हर्नरपदी निवडून आलेले हायरम जॉन्सन (१८६६–१९४५) ह्यांच्या पुढाकाराने १० ऑक्टोबर १९११ रोजी ही तिन्ही साधने राज्यपातळीवर आली. त्याच दिवशी तेथील स्त्रियांना अल्प मताधिक्याने मताधिकारही मिळाला. ॲरिझोनाच्या नियोजित राज्यघटनेत न्यायाधीशांच्या प्रत्यावाहनाची तरतूद असल्याने राष्ट्राध्यक्ष विल्यम टॅफ्ट ह्यांनी १९११ मध्ये तिला नकार दिला. ती वगळल्यावर फेब्रुवारी १९१२ मध्ये ॲरिझोना घटकराज्य झाले आणि त्याच वर्षी मतदारांनी ती तरतूद पुन्हा समाविष्ट केली.

लोकोपक्रमाने केलेला कर घटनाबाह्य आहे, कारण संघराज्याची राज्यघटना प्रत्येक घटकराज्याला प्रजासत्ताक शासनपद्धतीची हमी देते, असा दावा ऑरेगनमध्ये एका दूरध्वनी कंपनीने केला. हा प्रश्न राजकीय असून तो ठरविणे न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९१२ मध्ये दिला. त्यामुळे ह्या पद्धतीचा मार्ग मोकळा झाला. आज सुमारे निम्म्या घटकराज्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात लोकोपक्रमाची तरतूद आहे. ती एकदा मिळाली म्हणजे टिकतेच असे नाही. मिसिसिपीच्या राज्यघटनेत सह्यांची विभागणी काँग्रेसच्या पाच मतदारसंघांच्या आधारे ठरविली होती. २००० च्या जनगणनेनंतर मतदारसंघ चारच उरले. ह्या विसंगतीमुळे २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लोकोपक्रमाची व्यवस्थाच निरुपयोगी ठरविली.

कार्यपद्धती : लोकोपक्रमाचे प्रवर्तक प्रथम मसुदा शासनाकडे दाखल करतात. त्यास मतपत्रिकेवर छापावयाचे शीर्षक व सारांश दिला जातो. कॅलिफोर्नियात हे काम राज्याच्या महाधिवक्त्याकडे असून सारांशास शंभर शब्दांची मर्यादा आहे. पुष्कळसे मतदार हे थोडके शब्दच वाचत असल्याने त्यांवरून वारंवार वाद होतात. ऑरेगनमध्ये शीर्षक अमान्य असणाऱ्या मतदाराला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. त्यानंतर सह्या गोळा केल्या जातात. कॅलिफोर्नियात गव्हर्नरपदाच्या मागील निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या कायद्यासाठी व ८ टक्के घटनादुरुस्तीसाठी लागतात. ऑरेगनमध्ये हे प्रमाण अनुक्रमे ६ व ८ टक्के आहे. सह्यांची छाननी झाल्यावर प्रश्न मतपत्रिकेवर येतो. बहुतेक राज्यांत साधे बहुमत पुरते. फ्लॉरिडात घटनादुरुस्तीसाठी ६० टक्के मते लागतात. गमतीचा भाग असा की, ही अट घालणारी २००६ ची दुरुस्ती स्वतः ५८ टक्क्यांहून कमी मतांनी संमत झाली होती. तेथे २०२४ मध्ये गर्भपाताच्या हक्काच्या प्रस्तावाला सुमारे ५७ टक्के मते मिळूनही तो ह्या अटीमुळे पडला.

मतदारांना माहिती देण्याची साधने : ह्यांपैकी सर्वांत जुने साधन म्हणजे मतदार-पुस्तिका. ऑरेगनमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून राज्यसचिवाचे कार्यालय प्रत्येक प्रश्नाचा मसुदा आणि त्याच्या बाजूचे व विरुद्धचे युक्तिवाद छापून मतदारांना टपालाने पाठवीत आले आहे. शुल्क भरून किंवा ठराविक संख्येच्या मतदारांच्या सह्या सादर करून कोणाही नागरिकाला तीत आपला युक्तिवाद छापून घेता येतो. तटस्थ स्पष्टीकरण लिहिण्यासाठी पाच जणांची समिती असते. तीत दोन समर्थक, दोन विरोधक आणि ह्या चौघांनी मिळून निवडलेला पाचवा सदस्य असतो. कॅलिफोर्नियाच्या पुस्तिकेत विधिमंडळाच्या आर्थिक विश्लेषकाने केलेले निःपक्ष विवेचन असते. ती इंग्रजीबरोबर स्पॅनिश, चिनी, व्हिएतनामी, हिंदी इ. भाषांतही काढली जाते.

पुस्तिका घरी येते, परंतु ती वाचली जातेच असे नाही. राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड मॅगल्बी ह्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, अशा प्रश्नांची व पुस्तिकांची भाषा समजण्यास महाविद्यालयीन पातळीचे शिक्षण लागते. मतपत्रिकेच्या वरच्या भागातील उमेदवारांना मत देऊन खालचे प्रश्न कोरे सोडणारे मतदारही सर्वत्र आढळतात. ऑरेगनने १९९८ मध्ये लोकोपक्रमानेच सर्व निवडणुका टपालाने घेण्याचे ठरविले. त्यामुळे मतपत्रिका मतदानदिनाच्या पुष्कळ आधी हाती येते आणि पुस्तिका शेजारी ठेवून घरी निवांतपणे मत नोंदविता येते.

शासकीय साधनांना स्वयंसेवी संस्थांची जोड आहे. स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ यशस्वी होत असताना कॅरी चॅपमन कॅट ह्यांच्या प्रेरणेने १९२० मध्ये स्थापन झालेला स्त्रीमतदार संघ हा त्यांपैकी प्रमुख होय. नव्याने मताधिकार मिळालेल्या लक्षावधी स्त्रियांना राज्यकारभाराची माहिती करून देणे, हा त्याचा मूळ उद्देश होता. तो कोणत्याही उमेदवाराला वा पक्षाला पाठिंबा देत नाही. अभ्यासान्ती प्रश्नांवर मात्र भूमिका घेतो. दोन्ही बाजूंचे मुद्दे सोप्या भाषेत मांडणाऱ्या पत्रिका, जाहीर चर्चासभा व मतदार नोंदणी हे त्याचे नित्याचे कार्य आहे.

अलीकडील महत्त्वाचा प्रयोग म्हणजे ऑरेगनमधील नागरिक-परीक्षण. २०१० मध्ये तो प्रथम करण्यात आला व २०११ मध्ये त्यास कायद्याने कायम स्वरूप देण्यात आले. ह्यात मतदारांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया, परंतु वय, लिंग, पक्ष, प्रदेश इत्यादींचे प्रमाण राखून, सुमारे वीस ते चोवीस नागरिक निवडले जातात. ते काही दिवस एकत्र बसून दोन्ही बाजूंची व तज्ञांची साक्ष घेतात, उलटतपासणी करतात आणि एक पानाचे निवेदन तयार करतात. हे निवेदन मतदार-पुस्तिकेत छापले जाते. २०१० मध्ये काही गुन्ह्यांसाठी किमान शिक्षा वाढविण्याच्या प्रस्तावाचे परीक्षण झाले. निवेदन वाचलेल्या मतदारांत प्रस्तावाला असलेला पाठिंबा घटल्याचे जॉन गॅस्टिल व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. तरीही प्रस्ताव संमत झाला, कारण निवेदन सर्वांपर्यंत पोहोचले नव्हते. ह्या उपक्रमास राज्याकडून नियमित निधी नसल्याने तो देणग्यांवर अवलंबून राहिला व प्रत्येक निवडणुकीत निवडक प्रश्नांपुरताच मर्यादित राहिला.

धनशक्तीचा प्रश्न : विधिमंडळावरील धनिकांचा प्रभाव टाळण्यासाठी निर्माण झालेले हे साधन पुढे धनिकांनाही उपयोगी पडू लागले. मतपत्रिकेवरील प्रश्नांच्या प्रचारासाठी कंपन्यांना खर्च करण्यास मनाई करणारा मॅसॅचूसेट्सचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये भाषणस्वातंत्र्याच्या आधारे रद्द केला. सह्या गोळा करणाऱ्यांना मोबदला देण्यावरील कोलोरॅडोची बंदीही १९८८ मध्ये त्याच कारणाने रद्द झाली. त्यामुळे पैसे खर्चून सह्या मिळविणे हा व्यवसाय बनला. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये ॲपवर चालणाऱ्या टॅक्सी व घरपोच सेवांच्या चालकांना कर्मचारी न मानण्याच्या प्रस्तावासाठी संबंधित कंपन्यांनी २० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खर्च केली व तो संमत करून घेतला.

तथापि पैसा नेहमीच जिंकतो, असे नाही. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात मोटारविम्याविषयी एकाच वेळी पाच परस्परविरोधी प्रस्ताव मतदानास होते. विमा कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर ओतूनही विम्याचे दर कमी करणारा, ग्राहक चळवळीचा प्रस्ताव तेवढा संमत झाला. ह्या मतदानाचा अभ्यास करून आर्थर लूपिया ह्यांनी १९९४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, प्रस्तावांचा तपशील ज्यांना माहीत नव्हता, परंतु विमा कंपन्यांची बाजू कोणती हे ठाऊक होते, त्यांचे मतदान पूर्ण माहितगारांच्या मतदानासारखेच झाले. प्रस्तावामागे कोण आहे व पैसा कोणाचा आहे, हे उघड करण्याची सक्ती किती महत्त्वाची आहे, हे ह्यावरून लक्षात येते.

बहुमताच्या मर्यादा : बहुमताचा कौल न्याय्य असतोच, असे नाही. ऑरेगनच्या मतदारांनी १९२२ मध्ये मुलांना सार्वजनिक शाळेतच पाठविण्याची सक्ती करणारा कायदा केला. त्याचा रोख कॅथलिक शाळांवर होता. सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये तो रद्द केला. घरे विकताना वा भाड्याने देताना वंशभेद करण्यास मनाई करणारा कायदा निष्प्रभ करणारी घटनादुरुस्ती कॅलिफोर्नियाने १९६४ मध्ये सुमारे दोन-तृतीयांश मतांनी संमत केली. तीही १९६७ मध्ये घटनाबाह्य ठरली. मतदारांनी केलेला कायदाही संघराज्याच्या राज्यघटनेच्या अधीन असतो, हे तत्त्व ह्या निर्णयांनी दृढ झाले.

दूरगामी परिणामांचा अंदाज मतदानाच्या वेळी येत नाही, हीही एक अडचण आहे. हॉवर्ड जार्व्हिस व पॉल गॅन ह्यांचा १९७८ मधील तेरा क्रमांकाचा प्रस्ताव हे ह्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. चलनवाढीमुळे घरांच्या किंमती व त्यांबरोबर कर वाढत गेल्याने कॅलिफोर्नियातील, विशेषतः वृद्ध घरमालक त्रस्त झाले होते. ह्या प्रस्तावाने मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर आणला व करपात्र मूल्यातील वार्षिक वाढीला २ टक्क्यांची मर्यादा घातली. घरमालकांना दिलासा मिळाला. परंतु स्थानिक संस्थांचे मालमत्ता कराचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले, शाळांचा आर्थिक भार राज्याकडे गेला आणि एकाच रस्त्यावरील सारख्या घरांना खरेदीच्या वर्षानुसार वेगवेगळा कर पडू लागला.

नागरिक सहभागावरील परिणाम : लोकोपक्रमामुळे नागरिक अधिक सजग होतात, ही मूळ प्रवर्तकांची अपेक्षा होती. डॅनिएल स्मिथ व कॅरोलाइन टॉल्बर्ट ह्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या राज्यांत असे प्रश्न वारंवार येतात तेथे मतदानाचे प्रमाण, विशेषतः राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नसलेल्या वर्षी, अधिक असल्याचे आढळले. जोशुआ डिक व एडवर्ड लॅशर ह्यांच्या २०१९ च्या ग्रंथाने मात्र केवळ प्रश्न मतपत्रिकेवर आल्याने राजकीय ज्ञान वा शासनावरील विश्वास वाढतो, ह्या दाव्याला आधार नसल्याचे प्रतिपादन केले. ज्या प्रश्नांवर व्यापक चर्चा घडते तेथे मात्र मतदार मोठ्या संख्येने पुढे येतात. ओहायोत ऑगस्ट २०२३ मध्ये घटनादुरुस्तीसाठी ६० टक्के मतांची अट घालण्याचा विधिमंडळाचा प्रस्ताव विशेष निवडणुकीत फेटाळला गेला व नोव्हेंबरमध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती सुमारे ५७ टक्के मतांनी संमत झाली. पहिल्या मतदानात तांत्रिक वाटणाऱ्या अटीचा दुसऱ्या मतदानाशी असलेला संबंध लोकांना समजावून देण्यात प्रचारकांना आलेले यश ह्यामागे होते.

भारतीय संदर्भ : भारतीय संविधानात सार्वमत वा लोकोपक्रमाची तरतूद नाही. संविधानाच्या काही मूलभूत वैशिष्ट्यांत बदल करण्यासाठी सार्वमत घ्यावे, अशी तरतूद जनता सरकारच्या काळात १९७८ मध्ये लोकसभेने संमत केली. राज्यसभेने ती फेटाळली. मात्र मतदारांनी थेट निर्णय दिल्याचे ठळक उदाहरण गोव्यात घडले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावा, ह्यासाठी संसदेने केलेल्या १९६६ च्या कायद्यानुसार १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी फूल व वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. वृत्तपत्रे, गीते व गावोगावच्या सभा ह्यांतून दोन्ही पक्षांनी प्रचार केला. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ व विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. महाराष्ट्रात गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी होणारे ‘उभी बाटली–आडवी बाटली’ मतदान हे ऑरेगनच्या १९०४ मधील स्थानिक मद्यमतदानाशी साम्य असलेले आहे. त्यासाठी मागणी नोंदविणे, घरोघर समजूत घालणे व स्त्रियांना मतदानाला आणणे हे काम प्रामुख्याने गावातील स्त्रियांच्या गटांनी केले आहे.

मूल्यमापन : सार्वमत व लोकोपक्रम ही साधने विधिमंडळाची जागा घेऊ शकत नाहीत. गुंतागुंतीच्या प्रश्नाला होय वा नाही एवढेच उत्तर देता येते, तडजोडीला वाव राहत नाही आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी न्यायालयाचे संरक्षण लागते. ह्याउलट, स्त्रियांचा मताधिकार, उमेदवारांची थेट निवड ह्यांसारखे जे प्रश्न प्रतिनिधी टाळीत होते, त्यांचा निर्णय ह्याच मार्गाने लागला. ऑरेगनमधील १९०२ चा विजय दहा वर्षांच्या पुस्तिकावाटपातून आला, तर १९१२ चा विजय पाच पराभवांनंतर आला. पुढील काळात जेथे सुबोध पुस्तिका, पैशाच्या स्रोतांची जाहीर नोंद व नागरिकांची निःपक्ष चर्चा ह्यांची सोय होती तेथे मतदारांचा कौल विचारपूर्वक ठरला. जेथे ती दुर्बल होती तेथे ती पोकळी जाहिरातींनी भरून काढली. म्हणून मतपत्रिकेवर प्रश्न छापण्याइतकीच तो मतदाराला उमजावा ह्याची तरतूद करणे, ही ह्या पद्धतीचा अंगीकार करणाऱ्या राज्याची जबाबदारी ठरते.